रोज दोनशे ग्रॅम

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
काट्यावर उभा राहून लिहितो आहे. वही काट्याच्या खांबावर टेकवली आहे. तिचं वजन खाली दुकानातल्या लहान काट्यावर आधीच करून घेतलं होतं, पेन्सिलीसकट एकशे ऐंशी ग्रॅम. ते वजा जाता मी एकशे अठ्ठावीस किलो दोनशे. काल तेवढाच होतो, परवाही तेवढाच. शुक्रवारपासून काटा एका जागी बसला आहे.

पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. पूर्वी मी नुसती चव बघायला जेवढं खायचो, तेवढं आता दिवसभराचं जेवण आहे. मग वजन थांबतं कसं? काहीतरी गडबड आहे. आत कापायचं तेवढं कापलं तरी का, अशीही शंका येते. मी तर बेशुद्ध होतो.

काट्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. आमचा धंदाच काटेदुरुस्तीचा. खाली दुकान, वर घर. हा दांडीचा काटा बाबांनी स्वतः तपासून माझ्या खोलीत ठेववला. शंभर किलोपर्यंत दांडीवरचं वजन सरकवून मोजायचं, त्यापुढे दांडीच्या टोकाला एक किलोचा लोखंडी ठोकळा अडकवायचा, की तो शंभर किलो पेलतो. बाबांनी चाळीस वर्षांत एकही खोटा काटा दुकानातून बाहेर जाऊ दिलेला नाही. गिऱ्हाईक रडलं तरी नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
रुग्णालयात व्यायामाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर थांबा. पाणी घोट घोट, जेवणासोबत नाही. चक्कर आली तर लाज न बाळगता तिथेच बसा. आणि भरलेल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, अजून तीन आठवडे तरी.
“पोटाच्या भिंती आतून भरून यायच्या आहेत,” म्हणाल्या. “वरून टाके सुकले म्हणजे झालं असं नाही.”
वजन थांबल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, “थांबतं. शरीर हिशोब लावत बसतं थोडे दिवस. तुम्ही मोजू नका रोज.”
मोजू नका! काटेवाल्याच्या घरात. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या आजींनाही त्यांनी हेच, याच आवाजात सांगितलं होतं. सगळ्यांना एकच सांगायचं तर तपासायचं कशाला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
बसचालकाचा फोन आला. आमची दोघांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाली, खाटा शेजारी शेजारी होत्या. म्हणाला, “माझे सतरा उतरले. तुझे?” मी तेरा सांगितले. “अरे, चालून काय होतंय? मी व्यायामशाळेत जातो. वजनं उचलतो. घाम निघाला पाहिजे, घाम!”
फोन ठेवल्यावर पाणी प्यायला उठलो, तर दादा-वहिनींच्या खोलीतून आवाज आला.
वहिनी म्हणत होत्या, “पण मग त्यांची खोलीही लागेलच ना आपल्याला.”
दादा म्हणाला, “इतक्यात सांगू नको त्याला. जरा ठणठणीत होऊ दे.”
मी पाणी न पिता परत आलो. म्हणजे असं आहे तर. शस्त्रक्रियेचा खर्च दादाने केला. मला वाटलं होतं भावाच्या मायेने केला. माणूस ठणठणीत करायचा आणि मग बाहेर काढायचा. खाली हमाल ठेवला आहे तोही ‘तात्पुरता’ म्हणे. तो वीस वीस किलोची तपासणीची वजनं दोन्ही हातांत घेऊन शीळ घालत चालतो. दुकानात माझं काम झिजलेल्या वजनांच्या पोटात शिसं भरून ती पुरी करण्याचं. बाकी उचलाउचल. शिसं काय, कोणीही भरेल.
वजनं उचलता आली नाहीत, तर मी इथे कशासाठी आहे?

७ फेब्रुवारी, शनिवार.
दुकान उघडायच्या आधी खाली गेलो. पाच किलोचं वजन दहा वेळा उचललं. काही झालं नाही. बाईंचं सगळं घाबरवणं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार.
वहिनी माझ्याबरोबर चालायला येऊ लागल्या आहेत. मी बोलावलं नव्हतं. मी हळू चालतो तर त्याही हळू चालतात. मी पाण्याचा घोट घेतला की त्याही घेतात. आज पावाच्या दुकानापाशी त्यांनी नाकाला पदर लावला आणि कठड्यावर बसल्या.
मी विचारलं, “काय झालं?”
“काही नाही, भावोजी. जरा गरगरलं. बाई म्हणतात ना, लाज न बाळगता बसा म्हणून.”
माझी नक्कल करतात. घरी पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाहीत, दादाला हाक मारतात. माझ्यासमोर मुद्दाम. मी लक्षात ठेवलं आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार.
दहा किलो उचललं. सातव्या वेळी डाव्या बाजूला आतून चिमटा बसल्यासारखं झालं. थांबलो, मग राहिलेले तीन पुरे केले. काटा मात्र जिथल्या तिथे. एकशे अठ्ठावीस दोनशे.
दुपारी वहिनी बाबांना विचारत होत्या, “खालची वजनं कोणी हलवली? फरशीवर गोल डाग होते ते उघडे पडलेत.” मला बघितल्यावर गप्प झाल्या. ही बाई डागसुद्धा मोजते.
बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बस जरा माझ्यापाशी.” मी म्हटलं, काम आहे. काम नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
एकशे अठ्ठावीस! बरोबर दोनशे ग्रॅम उतरलं!
तीनदा उतरलो, तीनदा चढलो. तेवढंच. आज खाली गेलो नाही. चालून आलो, रस्त्यात वहिनींशी चार शब्द बोललोसुद्धा. बोलता येत होतं, दम लागला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
काल दोनशे उतरलं, आज आणखी दोनशे. मग वजनं उचलायची गरजच काय? बाईंचं बरोबर असावं.
बसचालकाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मग? माझे एकोणीस.”
बाबा आज माझ्या खोलीत आले होते. गुडघ्यांमुळे ते सहसा जिना चढत नाहीत. मी चालून परत आलो तर ते काट्यापाशी वाकलेले. “चष्मा शोधतोय,” म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता. वय झालं बाबांचं. वाईट वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
आज पुन्हा दोनशे. काल दोनशे. पाच दिवसांत एकदाही एकशे नव्वद नाही की दोनशे दहा नाही. काल मी सूप जास्त प्यायलो, तरी दोनशे. परवा पोट साफ झालं नाही, तरी दोनशे. माणसाचं शरीर इतकं शिस्तीचं नसतं. माझं तर कधीच नव्हतं.
काटा तपासला. रिकामा असताना दांडी अगदी समतोल. दोष नाही.
मग संध्याकाळी झाडताना खोलीत एक बारीक करडा मणी सापडला. शिसं! मी शिशाचं काम खालीच करतो, हात धुऊन वर येतो. दादा या खोलीत येत नाही. बाबांचे हात थरथरतात, त्यांनी दोन वर्षांत हत्यार धरलेलं नाही. राहिलं कोण? वहिनी दुकानातल्या चपला घालून वरपर्यंत येतात.
आता सगळं जुळतं. मी लवकर बरा झालो असं काट्याने दाखवलं, की खोली लवकर रिकामी. मला बरं करायचं नाही, बरा झालो असं दाखवायचं आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.
एकशे सत्तावीस बरोबर. मी ‘वा’ असं मोठ्याने म्हटलं, दाराबाहेर कोणी असेल तर ऐकू जावं म्हणून. बाहेर कोणीतरी खोकलं आणि जिना उतरून गेलं. सावकाश, एकेक पायरी धरत. वहिनी हल्ली अशाच उतरतात.
उद्या पुरावा काढतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. रुग्णालयातून परत आल्यावर.
कालचं आज लिहितो. काल आडवं पडूनच लिहावं लागलं असतं आणि वाकड्या अक्षरात लिहायला मला आवडत नाही.
काल काटा म्हणाला एकशे सव्वीस आठशे. दादा आणि हमाल माल पोचवायला गेले होते, बाबा गल्ल्यावर होते, वहिनी स्वयंपाकघरात. मी मागच्या दाराने खाली गेलो आणि वीस किलोचं तपासणीचं वजन उचलून वर आणलं. काट्यावर ठेवलं. वीस. बरोबर. म्हटलं, चोर हुशार आहे, लहान वजनाला पकडला जाणार नाही. मी शंभराच्या वर आहे, तर शंभरावर तपासलं पाहिजे. म्हणजे पाच वजनं. दुसरं आणलं. चाळीस. बरोबर. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, सकाळपासून पाणीही धड प्यायलो नव्हतो. पण आता थांबलो तर पुरावा अर्धा राहिला असता.
तिसरं घेऊन अर्ध्या जिन्यावर आलो आणि पोटात काहीतरी सणकन ओढलं गेलं. वजन हातातून सुटलं, पायऱ्यांची धार फोडत खाली गडगडत गेलं. मी तिथेच बसलो. बसलो म्हणजे पडलो.
वहिनी जिन्याच्या वरच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या. खाली आल्या नाहीत. एक हात कठड्याला, एक पोटाशी.
“भावोजी, हलू नका! मला उचलता येणार नाही, मला मनाई आहे हो!” आणि मग इतक्या जोरात ओरडल्या, “बाबा! बाबा, धावा!”
मनाई मला आहे, त्यांना कसली? पडल्या पडल्याही हा प्रश्न माझ्या मनात आला.
बाबा आले. गुडघे विसरून आले. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हणत राहिले, “कशाला उचललंस? उतरत होतं ना रे. उतरत होतं ना.”

आज सकाळी सगळे मला घेऊन गेले. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, यंत्राखाली पाहिलं. आतले टाके शाबूत आहेत, स्नायू ओढला गेला आहे. “या वेळी निभावलं,” म्हणाले. “पुढच्या वेळी आतडं बाहेर डोकावलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.” आता चालणंही पहिल्यापासून सुरू करायचं, दारातल्या दारात.
व्यायामाच्या बाईंच्या खोलीबाहेर बसचालक बसला होता, बायकोसोबत. मला बघून त्याने मान वळवली. त्याची बायको मात्र बोलकी. “व्यायामशाळा? हे? गल्लीच्या टोकापर्यंत जातात, त्यात दोनदा बसतात. आणि काल तर रिक्षाने परत आले.”
“अगं, गप की!”
आत गेल्यावर बाईंनी मला काट्यावर उभं केलं. “एकशे अठ्ठावीस, शंभर.”
मी म्हणालो, “घरी एकशे सव्वीस आठशे आहे.”
“घरचा काटा चुकत असेल.”
दादाने बाबांकडे पाहिलं. एरवी कोणी हे वाक्य बोललं असतं तर बाबांनी त्याला खुर्चीत बसवून तासभर काटा समजावला असता. ते जमिनीकडे बघत होते.
मला राहवलं नाही. “चुकत नाही. चुकवलाय. वहिनी, तुम्हीच सांगा आता. खोलीत शिसं सापडलंय मला, आणि दुकानातल्या चपला घालून वर तुम्हीच येता.”
वहिनींचा चेहरा पांढरा पडला. दादा म्हणाला, “ए, तोंड सांभाळ.”
“तिला कशाला?” बाबा म्हणाले. “मी केलं.”
बाबाच पुढे बोलले. “सूनबाईने सांगितलं, तू पहाटे वजनं उचलतोस. तुला बोलून काय उपयोग होता? लहानपणापासून तुला माणसाचं पटत नाही, काट्याचं पटतं. म्हटलं, काट्याकडून सांगावं. अडकवायच्या ठोकळ्याच्या पोटात रोज दोन ग्रॅम शिसं टाकलं. तू चालायला गेलास की.”
“हाताने?” दादाने विचारलं. “तुमच्या हाताने?”
“अर्धं सांडायचं,” बाबा म्हणाले.
दोन ग्रॅम शिसं म्हणजे दोनशे ग्रॅम माणूस. हिशोब बरोबर होता. म्हणूनच रिकामा काटा समतोल दिसत होता, ठोकळा अडकवल्यावरच खोटं बोलत होता.
“मी पाच वजनं वर नेणार होतो, शंभरावर तपासायला,” मी म्हणालो.
बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “अरे गाढवा, तो एक किलोचा ठोकळा काढून लहान काट्यावर टाकला असतास तरी कळलं असतं! एक किलो! त्यासाठी मणभर लोखंड जिन्यावरून चढवलंस?”
दादाला हसू आवरेना, तो बाहेर गेला. बाई टेपने माझी कमर मोजत होत्या. म्हणाल्या, “सहा सेंटीमीटर कमी आहे. वजन थांबलं तरी तुम्ही आटताय. हे तुमच्या घरात कोणाला मोजता येत नाही का?”
परतताना गाडीत मी वहिनींना ‘चुकलं’ म्हणालो. त्या म्हणाल्या, “राहू द्या.” मग थोड्या वेळाने, “पण चपलांवरून, भावोजी? चपलांवरून?”

२१ फेब्रुवारी, शनिवार.
बाबा दोन दिवस गल्ल्यावर नुसते बसून आहेत. काल भाजीवाला काटा तपासून त्यावर शिक्का मारून घ्यायला आला. त्याला म्हणाले, “परवा ये. सध्या माझा शिक्का चालत नाही.”
“का हो? मुदत संपली?”
“तसंच समज.”
दादा म्हणाला, “बाबा, तो घरचा काटा मी दोन मिनिटांत नीट करतो.” बाबांनी नकारार्थी मान हलवली. ज्याला फसवलं त्याच्या नुसतं समोर नाही, त्याच्याच हाताने नीट व्हायला पाहिजे, असं म्हणाले. त्यांचा नियमच आहे, म्हणे. मी असा नियम कधी ऐकलेला नाही. दादानेही ऐकलेला नसावा, पण तो मुकाट्याने ठोकळा खाली घेऊन आला.
म्हणून आज मला कामाच्या टेबलाशी बसवलं. चार वर्षं मी शिसं भरतो आहे, पण दुरुस्ती मला कोणी शिकवली नव्हती. मीही मागितली नव्हती. आठवीत शाळा सुटली, दशांश पक्के नाहीत. बाबा शेजारी बसले, हात मागे बांधून, म्हणजे मध्ये घालायचा मोह नको. “सुईने उकर. जोर नको. शिसं मऊ असतं, ते स्वतः येतं.” एकेक मणी काढून मी लहान काट्यावर ठेवत गेलो. शेवटी ठोकळा बरोबर एक किलोवर आला. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, “तुझा हात स्थिर आहे.”
एवढंच. पण हे काम बसून करायचं आहे. वीस किलो उचलायला लागत नाही.
मग वाटलं, हे आत्ताच का शिकवतात? इतकी वर्षं का नाही?

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
हमालाने पाचही वजनं वर नेली, मी काटा तपासला. शंभर बरोबर. बाबांनी स्वतः शिक्का मारला आणि भाजीवाल्याला निरोप पाठवला. मग मी चढलो. एकशे सत्तावीस सहाशे. खरोखरचे.
दारातल्या दारात चालणं चालू आहे. आज बाबाही आले. दोघांपैकी कोणाला आधी दम लागतो ते सांगायचं नाही, असं ठरलं.
दादा फूटपट्टी घेऊन माझ्या खोलीत आला आणि खिडकीखालचा कोपरा मोजून गेला. दोन फूट बाय साडेतीन.
मी सरळ विचारलं, “मी कधी जायचं?”
“कुठे?”
“खोली रिकामी करून.”
दादा बघतच राहिला. “तू गेलास तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार दिवसभर? आम्ही दोघं तर खाली असू. तुला आवाजाने जाग येते का रे?”
“कसला आवाज?”
“कळेल,” म्हणाला आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे बघून हसला.
म्हणजे दुकानातलं एखादं यंत्र वर आणणार असावेत. लक्ष ठेवायला माझी हरकत नाही, पण रात्री ते बंद करता येतं का, हे आधी विचारून घ्यायला हवं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. हिशोब.
खर्च. पोटाचा पट्टा, साडेचारशे. चालायचे बूट, नऊशे, थोडे सैल पडतात. डॉक्टरांची १९ तारखेची तपासणी आणि यंत्र, अकराशे. व्यायामाच्या बाई, दोन वेळा, सहाशे. फुटलेल्या पायऱ्या बुजवायला गवंडी, तीनशे. एकूण तीन हजार तीनशे पन्नास.

देणे. दादाला शस्त्रक्रियेचा पूर्ण खर्च. आकडा शेवटच्या पानावर आहे. दादा म्हणतो हे लिहू नकोस. का म्हणतो ते माहीत नाही, म्हणून लिहून ठेवलं.

येणे. बाबांकडून, काटा दुरुस्तीची मजुरी. मी शंभर म्हणालो, त्यांनी गिऱ्हाइकासारखी घासाघीस करून ऐंशीवर आणली. तीही एकरकमी देत नाहीत. रोज चालून आल्यावर पाच, आणि चाललो नाही त्या दिवशी काही नाही, असं म्हणतात. पैसे नाहीत असं मुळीच नाही, गल्ला मी पाहिला आहे.